दातापासून जमिनीपर्यंत : घरगुती बॅकहोची घडण

माती खणण्याची हत्यारे दोन रीतींनी चालतात. एका रीतीत पाते पायाच्या किंवा हाताच्या जोराने पुढे दाबले जाते आणि त्यावर आलेली माती दूर फेकली जाते; युरोप-अमेरिकेतील लांब, सरळ दांड्याचे शॉवेल या जातीचे आहे. दुसऱ्या रीतीत पाते वरून खाली आणून मातीत रुतवले जाते आणि सुटलेली माती वापरणाऱ्याच्या पायांकडे ओढली जाते; महाराष्ट्रातील फावडे आणि कुदळ याच रीतीने चालतात. ‘बॅकहो’ या इंग्रजी नावातील ‘हो’ म्हणजे कुदळीच्या वर्गातले ओढून चालवायचे हत्यार आणि ‘बॅक’ म्हणजे मागे, अर्थात यंत्राच्या दिशेने. हे यंत्र ट्रॅक्टरच्या मागच्या अंगाला बसवलेले असते म्हणून त्याला बॅकहो म्हणतात, ही इंग्रजी बोलणाऱ्यांतही आढळणारी समजूत चुकीची आहे. या यंत्राला ‘यांत्रिक फावडे’ हे मराठी नाव अगदी चपखल बसले असते. पण मराठी माणसाने त्याला केव्हाच ‘जेसीबी’ हे नाव देऊन टाकले आहे, मग यंत्र कोणत्याही कंपनीचे असो. निवडणुकीच्या विजयी मिरवणुकांत याच यंत्राच्या बकेटमधून गुलाल आणि फुले उधळली जाऊ लागल्यामुळे मातीकामाशी ज्यांचा कधी संबंध आला नाही अशांनाही ते ओळखीचे झाले आहे.

ज्या कंपनीचे नाव असे सामान्यनाम होऊन बसले, तिचा आरंभ एका भाड्याच्या गॅरेजमध्ये आणि एका जुन्या वेल्डिंग संचाने झाला, ही गोष्ट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. जोसेफ सिरिल बॅमफर्ड यांनी २३ ऑक्टोबर १९४५ रोजी इंग्लंडमधील स्टॅफर्डशायर परगण्यातल्या युटॉक्सिटर या गावी वापरलेल्या वेल्डिंग संचावर काम सुरू केले आणि महायुद्धानंतर मोडीत निघालेल्या लष्करी सामानातून शेतमाल वाहण्यासाठी उलटता येणारा ट्रेलर घडवून तो ४५ पौंडांना विकला. त्यांच्या नावाची आद्याक्षरे धारण करणारा पहिला बॅकहो १९५३ मध्ये आला. भारतात या कंपनीचे उत्पादन १९७९ साली हरियाणातील बल्लभगड येथे सुरू झाले आणि पुढे पुण्याजवळ तळेगाव येथेही तिचा कारखाना उभा राहिला. अमेरिकेत मात्र पूर्णतः तेलाच्या दाबावर चालणारा बॅकहो १९५३ च्या त्या यंत्राआधीच तयार झाला होता. मॅसॅच्युसेट्स राज्यातील हबर्डस्टन येथील व्हाइनो होलोपायनेन आणि रॉय हँडी यांच्या ‘वेन-रॉय’ कंपनीने १९४८ च्या एप्रिलमध्ये फोर्ड ८एन ट्रॅक्टरवर चढवलेले असे यंत्र कनेक्टिकटमधील एका वीज कंपनीला ७०५ डॉलरना विकले. त्यापूर्वीची खणणारी यंत्रे पोलादी दोर, चरख्या आणि क्लच यांच्या गुंतागुंतीवर चालत असत आणि ती घरी घडवणे कोणाच्या आवाक्यातले नव्हते. दोराच्या जागी तेल आल्यानंतरच हे यंत्र काही सरळ पाइप, काही पिना आणि बाजारात तयार मिळणारे सिलिंडर इतक्यावर येऊन ठेपले, आणि हौशी कारागिराला त्याचा मोह पडू लागला.

हा छंद मुख्यतः अमेरिका, कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया येथील ग्रामीण भागांत रुजला, याची कारणे तिथल्या राहणीत आहेत. एकेका घराभोवती काही एकर जमीन असते, सांडपाण्याच्या टाक्या, पाण्याच्या नळवाहिन्या आणि झाडांचे बुंधे यांची कामे घरमालकाला स्वतःच काढावी लागतात, भाड्याचे यंत्र महाग पडते, आणि घराला जोडून असलेल्या गॅरेजमध्ये वेल्डिंग संच व ग्राइंडर असणे तिथे फारसे नवलाचे मानले जात नाही. शेतकऱ्यांनी स्वतः घडवलेल्या यंत्रांची माहिती छापणारे ‘फार्म शो’ हे नियतकालिक मिनेसोटा राज्यातून १९७७ पासून निघत आहे, यावरून या परंपरेची मुळे किती खोल आहेत ते ध्यानात येते. वीस-पंचवीस अश्वशक्तीच्या छोट्या ट्रॅक्टरमागे जोडता येईल, किंवा दोन चाकांच्या गाड्यावर स्वतंत्र इंजिनासह उभा राहील, असा सुमारे दोन मीटर खोल खणणारा बॅकहो हे या छंदाचे सर्वसाधारण उद्दिष्ट असते. त्याचे नकाशे विकत मिळतात, आणि काही कारागीर भाड्याने आणलेल्या किंवा शेजाऱ्याच्या यंत्राची मापे फुटपट्टीने घेऊन त्यावरून आपला आराखडा बेततात.

यंत्राचे अवयव मोजकेच आहेत. ट्रॅक्टरकडच्या बाजूला उभा खांब असतो आणि तो डावी-उजवीकडे वळतो. खांबाला जोडलेला मोठा हात म्हणजे बूम, बूमच्या टोकाचा दुसरा हात म्हणजे डिपर, आणि डिपरच्या टोकाला दात असलेली बकेट. खांदा, कोपर आणि मनगट यांच्याशी या तीन सांध्यांचे साम्य उघड आहे. प्रत्येक सांधा हलवण्यासाठी एक हायड्रॉलिक सिलिंडर असतो, ज्याला आपल्याकडचे चालक आणि मेकॅनिक ‘जॅक’ म्हणतात. खांब वळवण्यासाठी आणखी दोन जॅक लागतात, आणि खणताना यंत्र डोलू नये म्हणून दोन्ही बाजूंना जमिनीवर टेकणाऱ्या पायांचे दोन, असे एकूण सात जॅक होतात. हे सर्व बाजारात आयते मिळतात. पंप मिळतो, दांडे असलेला कंट्रोल व्हॉल्व्ह मिळतो, होज पाइपही हव्या त्या लांबीचे करून मिळतात. थोडक्यात, यंत्राची ताकद विकत घेता येते. जे विकत मिळत नाही आणि घरी घडवावे लागते, ते म्हणजे त्या ताकदीला बकेटच्या दातापासून पुन्हा जमिनीपर्यंत पोहोचवणारी वाट. घरगुती बॅकहो मोडतात ते बहुधा या वाटेवर कुठेतरी, आणि म्हणून तिचा माग काढणे हाच हे यंत्र समजून घेण्याचा योग्य मार्ग आहे.

ताकदीचा उगम बंदिस्त तेलात आहे. बंद भांड्यातील द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा सतराव्या शतकातील फ्रेंच विद्वान ब्लेझ पास्कल यांनी मांडलेला नियम होय. इंग्लंडच्या जोसेफ ब्रामा यांनी १७९५ साली त्यावर आधारलेल्या दाबयंत्राचे पेटंट घेतले. दाब गुणिले पिस्टनचे क्षेत्रफळ म्हणजे मिळणारे बल, इतके साधे हे गणित आहे. ७५ मिलिमीटर व्यासाच्या पिस्टनचे क्षेत्रफळ सुमारे ४४ चौरस सेंटिमीटर भरते; तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला १४० किलो असेल, तर हा जॅक सहा टनांहून थोडे अधिक बल लावतो. उलट दिशेने, म्हणजे जॅक आत ओढला जात असताना, ४० मिलिमीटर जाडीच्या दांड्याने पिस्टनची काही जागा अडवलेली असते आणि बल साडेचार टनांच्या आत येते. यामुळेच डिपरचा जॅक बूमच्या वरच्या अंगाला असा बसवतात, की तो लांबताना डिपर यंत्राकडे ओढला जावा आणि खणण्याच्या वेळी पिस्टनची पूर्ण बाजू कामाला यावी.

सहा टनांचा हा आकडा ऐकून नवशिक्या कारागीर हुरळतो, परंतु दातापर्यंत पोहोचताना त्यातला मोठा भाग तरफेत खर्च होतो. जॅकची पिन डिपरच्या सांध्यापासून २५ सेंटिमीटरवर आणि बकेटचे दात त्याच सांध्यापासून दीड मीटरवर असतील, तर बल एक षष्ठांशावर येते आणि दातांशी जेमतेम एक टन उरतो. हा तोटा खरे पाहता सौदा आहे, कारण बल जितके घटते तितकाच दातांचा प्रवास वाढतो आणि जॅकच्या वीतभर हालचालीत बकेट मीटरभर सरकते. वेगाचा हिशेबही असाच पडताळून घ्यावा लागतो. मिनिटाला २५ लिटर तेल देणारा पंप ७५ मिलिमीटरच्या जॅकचा ६० सेंटिमीटर प्रवास सहा-साडेसहा सेकंदांत पुरा करतो आणि त्यासाठी, गळती व घर्षण धरून, नऊ-दहा अश्वशक्तीचे इंजिन पुरते. मोठा जॅक बसवला की बल वाढते पण तोच पंप त्याला संथ करतो. पंप वाढवला की इंजिन अपुरे पडते. या तिन्हींचा मेळ कागदावर बसवण्याआधी लोखंड कापायला घेणे, ही या छंदातील सर्वांत महागडी घाई म्हणावी लागेल.

जॅकचे बल हातांपर्यंत पोहोचते ते ‘काना’मधून. जाड प्लेटचा तुकडा कापून, त्याला भोक पाडून तो बूमवर उभा जोडला जातो आणि त्यात जॅकची पिन बसते. अशा तुकड्याला कार्यशाळेत कान म्हणतात. येथे वेल्डिंगचे गणित समोर येते. दोन प्लेटा काटकोनात भेटतात त्या कोपऱ्यात भरलेल्या त्रिकोणी वेल्डची बाजू ६ मिलिमीटर असेल, तर त्याची सर्वांत अरुंद जाडी, जिला वेल्डचा गळा म्हणतात, सव्वाचार मिलिमीटरच भरते. दर चौरस मिलिमीटरला १०० न्यूटन इतका ताण सुरक्षित मानला, तर असा १० सेंटिमीटर लांबीचा एक वेल्ड सुमारे सव्वाचार टन पेलतो. दोन कान आणि प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंनी वेल्ड, म्हणजे चार वेल्ड झाले. त्यांची बेरीज सतरा टन होते आणि सहा टनांच्या जॅकपुढे ती भरपूर वाटते. मात्र पिन बूमच्या पृष्ठभागापासून आठ सेंटिमीटर उंच असेल आणि जॅक बूमला जवळजवळ समांतर असेल, तर तो कान नुसता सरकवत नाही, उपटायलाही बघतो. या वाकवण्याचा हिशेब मांडल्यास वेल्डच्या टोकाशी सुरक्षित मर्यादेच्या दीडपटीहून अधिक ताण निघतो. उपाय साधा आहे, पण तो सहजी सुचत नाही: वेल्ड जाड करण्याऐवजी कानाचा पाया लांब करावा. पाया दहाचा वीस सेंटिमीटर केला की वाकवण्याचा ताण एक चतुर्थांशावर येतो. कारखान्यात घडलेल्या बॅकहोचे कान लांबट आणि उताराचे दिसतात, त्यामागे शोभेचा हेतू नाही.

दुसरा शत्रू म्हणजे थकवा. ज्या ताणाने पोलाद एकदाच्या भारात मोडत नाही, तोच ताण हजारो वेळा येत-जात राहिला तर ते तडकते, याला धातूचा थकवा म्हणतात. बॅकहो मिनिटाला तीन बकेटा भरतो असे धरले तर तासाला १८० आणि पाचशे तासांत ९० हजार वेळा प्रत्येक सांधा ताणला आणि सैल सोडला जातो. तडा सुरू होण्याची आवडती जागा म्हणजे वेल्डची कड, विशेषतः ताणाच्या दिशेला आडवा गेलेला वेल्ड. बूमच्या चौकोनी पाइपला मजबुती आणण्यासाठी त्यावर जादा पट्टी जोडताना नवखा वेल्डर तिची टोके सरळ कापतो आणि चारही बाजूंनी वेल्ड फिरवतो. असे करताना ज्या पाइपला बळ द्यायचे त्याच्यावरच त्याने तडा जाण्याची रेघ आखून दिलेली असते. जाणकार अशा पट्टीची टोके माशाच्या शेपटीसारखी किंवा चौकटच्या पानासारखी निमुळती कापतात, म्हणजे ताण एका रेषेवर गोळा न होता हळूहळू पाइपमध्ये उतरतो. जास्त वेल्ड म्हणजे जास्त मजबुती, हा समज या एका उदाहरणाने कायमचा मोडावा.

कोणते लोखंड आणि वेल्डिंगची कोणती काडी, यावर हौशी मंडळींत वाद रंगतात, पण त्यात फारसे तथ्य नाही. साधे मृदू पोलाद, ज्याची ताणून कायमचे वाकण्याची मर्यादा दर चौरस मिलिमीटरला सुमारे २५० न्यूटन असते, या आकाराच्या यंत्राला पुरते आणि ते वेल्ड करायला सर्वांत सोपे असते. काडीचे म्हणाल तर फॅब्रिकेशनच्या दुकानांत सर्वत्र चालणारी ६०१३ क्रमांकाची काडी खिडक्या-दरवाज्यांना उत्तम असली, तरी जाड प्लेटांच्या सांध्यासाठी ७०१८ ही कमी हायड्रोजन सोडणारी काडी वापरणे इष्ट होय. तिच्या लेपाने हवेतील ओल शोषली तर तिचा सगळा गुण वाया जातो, म्हणून ती ओव्हनमध्ये गरम ठेवावी लागते. तारेचा अखंड पुरवठा करणारे आणि कार्यशाळांत ‘सीओटू’ नावाने ओळखले जाणारे वेल्डिंग वेगवान आणि स्वच्छ असते. पण कमी क्षमतेच्या घरगुती संचाने जाड प्लेटवर ते केले तर वरून सुबक दिसणारी रेघ आत मुरलेलीच नसते. हाच दोष सर्वांत धोकादायक आहे, कारण तो डोळ्यांना दिसत नाही. म्हणून जाड प्लेटांच्या कडा आधी ग्राइंडरने तिरप्या घासून खाच करणे, आणि त्याच जाडीच्या दोन तुकड्यांवर सराव करून ते हातोड्याने मोडून पाहणे, या दोन सवयी कोणत्याही महागड्या संचाहून अधिक उपयोगी पडतात.

वेल्ड निवताना आकसतो आणि सोबत लोखंडालाही ओढतो, ही गोष्ट घरगुती बॅकहोची खरी परीक्षा घेते. दोन मीटरच्या बूमच्या एकाच अंगाला कान वेल्ड केले की बूम धनुष्यासारखा किंचित वाकतो. तिथे काही मिलिमीटर चालून जातात. मात्र सांध्याच्या दोन बाजूंची भोके एका सरळ रेषेत राहिली नाहीत, तर पिन एकतर बसतच नाही, किंवा हातोड्याने ठोकून बसवली तरी एका कडेवर घासून भोकात बसवलेली नळी, म्हणजे बुश, पोखरते. कारखान्यात सर्व वेल्डिंग संपल्यावर मोठ्या यंत्राने दोन्ही भोके एका दमात कोरतात. घरी ती सोय नसल्याने उलटा क्रम लावावा लागतो. बुश आधी खराद्याकडून तयार करून घ्यायचे, दोन्ही बुशांतून एक लांब, सरळ, जाड शाफ्ट आरपार घालायचा, तो तसाच ठेवून चारही बाजूंनी छोटे टाके मारायचे, आणि मग एका बाजूचा थोडा, समोरच्या बाजूचा थोडा असा आलटूनपालटून, लोखंड निवू देत वेल्ड पुरा करायचा. शाफ्ट शेवटपर्यंत हाताने फिरत राहिला तर सांधा साधला. या कामात एक पूर्ण दिवस जातो आणि तो वाचवण्याचा प्रयत्न करणाऱ्याचा पुढे आठवडा जातो. पिना मध्यम कार्बनच्या टणक पोलादाच्या घेतात, बुश पितळी जातीचे किंवा पोलादी असतात, आणि प्रत्येक सांध्याला ग्रीस भरण्याचे निप्पल ठेवले जाते. यंत्राच्या आयुष्याचा मोठा हिस्सा या छोट्या निपलांवर अवलंबून असतो, हे कोणताही जेसीबी चालक सांगेल.

बकेट दिसायला सर्वांत सोपी आणि करायला सर्वांत फसवी असते. तिचे तोंड पाठीपेक्षा थोडे रुंद ठेवावे लागते, नाहीतर चिकट काळी माती आत घट्ट बसते आणि बकेट उलटी केली तरी पडत नाही. दातांसाठी ट्रकच्या स्प्रिंगचे जुने पाटे वापरण्याचा मोह अमेरिकेतल्या कारागिरालाही होतो आणि महाराष्ट्रातल्या लोहारालाही, कारण कोयते, विळे यांसारखी हत्यारे याच पाट्यांपासून घडवण्याची पद्धत जुनी आहे. पाट्याचे पोलाद लवकर झिजत नाही, हे खरे. पण त्यातील जास्त कार्बनमुळे वेल्डजवळचा भाग झटकन निवून काचेसारखा ठिसूळ होतो आणि पहिल्याच दगडावर दात तुटून पडतो. असा दात आधी चांगला तापवून, कमी हायड्रोजनच्या काडीने वेल्ड करून आणि मग राखेत झाकून सावकाश निवू द्यावा लागतो. बकेटचा जॅक थेट तिच्या पाठीला जोडला तर ती पुरती वळत नाही आणि माती ओतण्याइतकी उघडली की खणण्याइतकी मिटत नाही. म्हणून मध्ये दोन छोट्या दुव्यांची जोडी घालतात. चार पिनांवर फिरणाऱ्या या चौकटीमुळे जॅकच्या सरळ सरकण्यातून बकेटला जवळपास अर्धे वर्तुळ फिरता येते. हे दुवे पुठ्ठ्याचे कापून, टाचण्यांनी फळीवर लावून आधी हलवून पाहण्याची जुनी युक्ती संगणकाच्या काळातही मागे पडलेली नाही.

डावी-उजवीकडे वळण्याच्या सांध्याकडे मात्र बहुतेकांचे दुर्लक्ष होते. या सांध्यावर खणण्याचे बल फारसे येत नाही आणि म्हणून तो हलका केला तरी चालेल, असा त्यांचा समज असतो. प्रत्यक्षात भरलेली बकेट अडीच मीटर दूर असताना चालकाने दांडा सोडला की वळणारा सगळा भार एकदम थांबू पाहतो आणि त्याचा हिसका या एकाच उभ्या पिनेवर येतो. वळवणाऱ्या जॅकच्या तेलाच्या वाटेत अगदी बारीक भोकाची चकती घालून वळण संथ करणे हा स्वस्त आणि खात्रीचा इलाज आहे. काहींनी जुन्या गाडीच्या चाकाचा हब उभा बसवून त्यावर खांब फिरवण्याची शक्कल लढवली आहे, आणि हलक्या यंत्राला ती चालते.

आता बल खांबापर्यंत आले. पुढे ते ट्रॅक्टरमध्ये शिरते, आणि या टप्प्यावरची चूक जिवावर बेतू शकते. नांगर जोडण्यासाठी ट्रॅक्टरच्या मागे तीन सांध्यांची जोडणी असते, आणि बॅकहो तिच्यावरच टांगणे सर्वांत सोपे वाटते. परंतु ही जोडणी मागे ओढल्या जाणाऱ्या अवजारासाठी केलेली आहे. बॅकहो तिला आलटूनपालटून वर उचलतो आणि पुढे ढकलतो. वरचा दुवा तुटला किंवा निसटला, तर संपूर्ण बॅकहो दुमडून चालकाला ट्रॅक्टरवर चिरडू शकतो. शिवाय छोट्या ट्रॅक्टरला बहुधा वेगळी चौकट नसते. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागच्या अ‍ॅक्सलची बिडाची घरे बोल्टांनी एकमेकांना जोडून त्यांचाच सांगाडा केलेला असतो, आणि बीड वाकत नाही, फुटते. म्हणून मागच्या अ‍ॅक्सलपासून पुढच्या अ‍ॅक्सलपर्यंत ट्रॅक्टरच्या पोटाखालून जाणारी पोलादी उपचौकट घडवून बॅकहो तिला जोडणे, हा या प्रकल्पातील ऐच्छिक भाग मानता येत नाही. ज्या नकाशात ती नाही तो नकाशा बाजूला ठेवावा, असे येथे स्पष्ट म्हणणे आवश्यक आहे.

बलाची वाट शेवटी बाजूच्या पायांमधून जमिनीत उतरते. यंत्र हलके असेल तर दातांशी एक टन बल असूनही त्याचा उपयोग होत नाही, कारण जमिनीशी असलेले घर्षण यंत्राच्या वजनाच्या काही अंशाइतकेच असते. घट्ट मुरमात बकेट अडकली की माती यंत्राकडे येण्याऐवजी यंत्रच मातीकडे घसरत जाते. यासाठी पायांच्या तळव्यांना दाते काढतात. दोन चाकांवर ओढून नेता येणारे छोटे बॅकहो या मर्यादेत कायमचे अडकलेले असतात आणि त्यांच्यावर मोठे जॅक चढवल्याने काहीही साधत नाही. उलट उतारावर, हात आडवा पसरलेला असताना, ते कलंडण्याची भीती तेवढी वाढते.

तेलाच्या बाबतीत दोन गोष्टी सांगणे पुरेसे आहे. पहिली, यंत्र जोडताना पाइपांत राहिलेला ग्राइंडिंगचा कीस पंपाला आणि व्हॉल्व्हला काही तासांत निकामी करतो. म्हणून प्रत्येक पाइप धुऊन मगच जोडावा आणि परतीच्या वाटेवर फिल्टर ठेवावा. जॅकच्या चकचकीत दांड्यावर वेल्डिंगचे शिंतोडे उडाले तर ते सील फाडतात, तेव्हा वेल्ड करताना दांडे ओल्या कापडाने झाकलेले असावेत. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. होज पाइपला सुईच्या टोकाएवढे भोक पडले तर १४० किलोच्या दाबाची तेलाची धार कातडीतून थेट आत घुसते. बाहेर फक्त एक लाल ठिपका दिसतो, वेदनाही सुरुवातीला किरकोळ असते, आणि काही तासांत शस्त्रक्रिया न झाल्यास बोट किंवा हात गमावण्याची वेळ येते. गळती शोधायला हात फिरवू नये, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवावा. दाबमर्यादा ओलांडली की तेल टाकीकडे वळवणारा सुरक्षा-व्हॉल्व्ह बसवल्याशिवाय तर इंजिन सुरूच करू नये.

एवढ्या खटाटोपातून पैशाची बचत होते का, हा प्रश्न साहजिक आहे. जॅक, पंप, व्हॉल्व्ह आणि होज यांची किंमत लोखंडाहून कितीतरी जास्त होते आणि श्रमांचे मोल धरल्यास हिशेब बहुतेकदा तोट्याचाच निघतो. महाराष्ट्रात तर गावोगावी जेसीबी तासाच्या भाड्याने मिळतो. शेततळे किंवा पाइपलाइनचा चर खणून घ्यायचा असेल तर घरी यंत्र घडवणे हा द्राविडी प्राणायाम होय. तरीही या छंदाला व्यापक अर्थ देण्याचा एक प्रयत्न झाला आहे. मूळचे पोलंडचे आणि अणु-संमीलनाच्या विषयात अमेरिकेत डॉक्टरेट मिळवलेले मार्चिन याकुबोव्स्की यांनी मिसुरी राज्यातील आपल्या शेतावर ‘ओपन सोर्स इकॉलॉजी’ हा उपक्रम चालवला. एका छोट्या वस्तीला लागणाऱ्या ५० यंत्रांचे आराखडे कोणालाही विनामूल्य वापरता येतील असे खुले करणे, हे त्यामागचे ध्येय आहे आणि त्या यादीत बॅकहोचा समावेश आहे. पिनांच्या भोकांची मापे एकसारखी ठेवून अवयव एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेता यावेत, ही त्यातील कल्पना हौशी कारागिरांनी अधिक गंभीरपणे घ्यावी अशी आहे. कारखान्यांची यंत्रे गुप्त राखलेल्या मापांवर टिकून असतात. घरगुती यंत्राचे बळ उघड्या मापांत असू शकते.

यंत्र पुरे झाल्यावर त्याला रंग देण्याची घाई करू नये. आधी कमी दाबावर सर्व सांधे फिरवून घ्यावेत, मग भुसभुशीत मातीत दहा तास काम करून प्रत्येक वेल्डची कड तारेच्या ब्रशने घासून भिंगाखाली पाहावी, कारण पहिले तडे याच काळात दिसतात आणि रंगाखाली ते झाकले जातात. आणि दोन मीटर खोल चर खणण्याचा आनंद घेताना एक गोष्ट विसरू नये. एक घनमीटर ओली माती दीड टनाहून जड असते, आणि म्हणूनच दीड मीटर किंवा त्याहून खोल चरात बाजू ढासळू नयेत अशी सोय केल्याशिवाय कामगाराला उतरवण्यास अमेरिकेतील कामगार-सुरक्षेचे नियम मनाई करतात. घरी घडवलेला बॅकहो ही खोली पहिल्या अर्ध्या तासात गाठतो. तळाशी पडलेला पाना काढायला सुद्धा त्या चरात कोणी उतरू नये.